दर वेळी वेगळा

“आता एंटर दाब,” नवरा म्हणाला आणि बायकोकडे पाठ करून भिंतीसमोर उभा राहिला. “बघ हं, मी बघतसुद्धा नाहीये.”

तिने एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. अक्षरं, आकडे, मध्येच टक्केवारीचं चिन्ह. कशाचा कशाला मेळ नाही.

पासवर्ड बनवणारा हा प्रोग्रॅम त्याने सकाळभर खपून लिहिला होता, खास तिच्यासाठी. मागच्या महिन्यात त्याने तिचे मेल चोरून वाचले होते, बहिणीला लिहिलेले. रडारड झाली, माफी मागून झाली. आता तिचं नवं खातं उघडायचं होतं आणि त्याचा पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक असणार होता. तिला संसार मोडायचा नव्हता. त्याच्यावर विश्वास ठेवता यावा, एवढंच तिला हवं होतं.

“माणसाने ठरवलेला पासवर्ड माणसाला ओळखता येतो,” तो भिंतीला समजावत होता. “हा मशीनने ठरवलाय. देवालासुद्धा सांगता येणार नाही.”

तिने तो पासवर्ड खात्याला लावला, पडद्यावरची ओळ पुसली आणि “झालं” म्हणाली. स्वारी खुशीत चहा टाकायला गेली. जाताना तो चक्क शीळ घालत होता.

तिलाही हलकं वाटलं. आईच्या खात्यालाही असाच एक देऊ, म्हणून तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. टक्केवारीचं चिन्ह त्याच जागी आलं. तिने परत एंटर दाबलं. परत तीच ओळ.

तो कप घेऊन आला.

“आईलाही माझाच पासवर्ड आला,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “अगं, तो सुरुवातीचा आकडा... तो ठरलेला असला की दर वेळी तेच उत्तर येतं. तपासताना घातला होता. काढायचा राहिला.”

“म्हणजे सकाळी तुलाही हीच ओळ आली असणार. राहिला, की ठेवला?”

“शप्पथ, राहिला! मी पाठ करून उभा होतो ना?”

“हो. पाठ करूनच उभा होतास.”

कप तसाच टेबलावर टेकवून तो तिच्या खांद्यावरून वाकला. घाईघाईने आकडा खोडला, प्रोग्रॅम चालवला, पुन्हा चालवला. एकापाठोपाठ एक निराळे पासवर्ड पडद्यावर येत गेले.

“हे बघ! आता दर वेळी वेगळा.”

“तुझ्या कारणांसारखा.”

कदाचित खरंच राहिला असेल. पण ते तिला कळायला आता मार्ग नव्हता, आणि त्याला पटवून द्यायलाही. चहावर साय धरू लागली होती.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि खात्याचा पासवर्ड बदलायला घेतला. एका हाताने टाइप करताना दुसरा हात तिने वरून आडवा धरला, एटीएमपाशी मागे अनोळखी माणूस उभा असला की धरतात तसा.