न घेतलेलं दूध

"सुरय्याभाभीला मदत मिळणार नाही," डेअरीचा चेअरमन पुंजाराम माईकवर म्हणाला. "टाळेबंदीत ज्यांनी डेअरीला दूध घातलं, त्यांच्यासाठीच सरकारनं पैसे दिलेत. भाभीनं त्या दिवसांत थेंबभरही दूध घातलेलं नाही."

ग्रामपंचायतीच्या पटांगणात गावातले सगळे दूधवाले बसले होते. सुरय्या मागच्या रांगेतून उठली. नवरा गेल्यापासून दोन गाईंवरच तिचं घर चालत होतं.

"घातलं न्हाई, का तुमी घेतलं न्हाई?"

ते दिवस कुणी विसरलं नव्हतं. मुसलमानांमुळेच रोग पसरतोय, असं काहीबाही मोबाईलवर फिरत होतं. एका सकाळी सुरय्या किटली घेऊन डेअरीवर गेली, तर पुंजारामने आतून कडी लावलेली. खिडकीतूनच तो म्हणाला, "तुमचं दूध नको. बाकीच्यांचं बाटंल." रांगेत सगळे ओळखीचे होते. त्यांच्या घरच्या बाळंतिणींना तिनं कितीदा दूध नेऊन दिलं होतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले.

गाईंना कसली टाळेबंदी! दोन्ही वेळा दूध निघतच होतं. सुरय्याने कानातलं मोडून पेंड आणली. दूध मातीत ओतायला तिचा जीव होईना. पुढे गावच्या शाळेत कोरोनाचे पेशंट ठेवले, तेव्हा ती किटली तिकडे नेऊ लागली. "पैसे कोण देणार, भाभी?" नर्स वृषालीने विचारलं होतं. "नीट उकळून द्या, बास," एवढंच सुरय्या म्हणाली.

तालुक्याहून आलेले साहेब खुर्चीत सावरून बसले. "डेअरीनं दूध नाकारलं असेल तर मी चौकशी लावतो. पण साक्षीदार पाहिजे. कुणी पाहिलंय?"

सुरय्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. कुणी मोबाईल काढला, कुणी टोपी नीट केली. तरी ती खाली बसली नाही.

"बघा साहेब," पुंजाराम हसला. "उगं आपलं काहीतरी बोलायचं."

"मी पाह्यलंय."

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी जमिनीला हात टेकून उठली. ती चांगुणाबाई, पुंजारामची आई.

"डेअरीच्या पायरीवरच बसले हुते मी. तवा तोंड उघडलं न्हाई, ते चुकलं."

"आई, तू खाली बस. तुला बरं नाही."

"बरं नव्हतं तवाचंच सांगते. शाळंत पडले हुते, तवा तू फाटकापतुर आला न्हाईस. ही रोज यायची. खिडकीखाली हुबी राहून इचारायची, 'मावशी, दूध पोटात टिकलं का?'"

पुंजारामच्या हातातला माईक खाली आला. साहेबांनी पेन उघडलं.

"नाव सांगा, आजी."

म्हातारीने तिकडे बघितलंच नाही. तिचे डोळे लेकावर होते.

"हिच्या दुधावर जगले मी, पुंज्या. मग मला घरात कसं घेतलंस?"