दोऱ्याखालचा फोड

सकाळचे फिकट ऊन साबूकंदाच्या पानांवरून सावकाश सरकत आमच्या मित्रकीटक पैदास-केंद्रातल्या बरण्यांवर आले, आणि आतल्या तिळाहून लहान गांधीलमाश्या दिसू लागल्या. मिशांवर पांढरा पट्टा असलेली मादी पिठ्या ढेकणाच्या, म्हणजे साबूकंदावरच्या किडीच्या, अंगात अंडे घालते. पिल्लू त्याला आतून खाते आणि वाटोळे छिद्र पाडून निघून जाते.

आज साऱ्या माद्या माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. झाकणे मी तीनदा तपासली, घट्टच होती.

“मनगट का खाजवतोस रे सारखं?” केंद्रात सोबत काम करणाऱ्या बुनरुआनमावशीने विचारले. तिथला शुभ दोरा तिनेच बांधला होता.

“डास चावला, मावशी.”

“तीन दिवस दोरा सोडू नकोस हं, बायको मिळायची नाही!”

तिसऱ्या सकाळी सोडला. दोऱ्याखालच्या फोडाला मधोमध वाटोळे छिद्र होते.

तो फोड पहिल्या दिवसापासून आतून हलत होता.