धुरी

नातीला न्हाऊ घालून द्वारकाबाईंनी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं टाकली. धूर पसरला, तसा हवा मोजायच्या यंत्रावरचा आकडा झरझर चढून लाल झाला. नातीची छाती घरघरते म्हणून डॉक्टरांनीच ते आणायला लावलं होतं.

मुलानं धावत येऊन खिडकी उघडली. “आई, हा धूरच तिच्या छातीत जातोय. आता धुरी नको.”

“अरे, तिच्या थोरल्या भावालाही मी रोज द्यायचे...”

बोलता बोलता त्या थांबल्या. तो तान्हा असतानाच छाती भरून दगावला होता.

“म्हणजे त्याला मीच...?”

मुलानं मान खाली घातली. सुनेनं त्यांच्या मांडीवरून बाळाला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावून घेतली.