कळ

खासदार मृणालिनी कर्णिकांचा धाकटा भाऊ विश्राम जेवता जेवता पानावरच कोसळला आणि गेला. अपेंडिक्स फुटून पोटभर विष पसरलं होतं, पण त्याला एकही कळ आली नव्हती. रेडिओलहरींनी देशभरातल्या वेदना शमवणारा कायदा मृणालिनीताईंनीच आणला होता. धर्मादाय संस्था ते प्रक्षेपण चालवत.

तो कायदा रद्द करायला त्या लोकसभेत उभ्या राहिल्या. "दुखलं असतं, तर माझा भाऊ वाचला असता."

समोरच्या बाकावरून वयोवृद्ध हणमंतराव शांतपणे म्हणाले, "ताई, माझ्या बायकोला कॅन्सर आहे. उद्यापासून तिला तळमळताना बघू का?"

मतदान पुकारलं गेलं. प्रस्तावाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही, मृणालिनीताईंचाही नाही.