शेणकिड्याची राखलेली जागा

या, असे जवळ सरकून बसा. माणदेशातल्या एका गायरानाची गोष्ट सांगतो.

त्या सकाळी गायरानातले सगळे यंत्रकिडे थबकले होते. गुरांना दिलेलं जंतांचं औषध शेणात उतरून खरे शेणकिडे संपले, तेव्हापासून हीच चिमुकली यंत्रं शेण मातीत पुरत आली होती. आता माशा घोंघावू लागल्या, तशी खिल्लार गाई राखणाऱ्या मैनाबाई पुकळेंनी दुरुस्तीवाल्या झाकीरला बोलावलं.

"सगळ्यांच्यातल्या जुन्या सूचना पुसून नव्यानं चालू करतो, मावशी," म्हणत झाकीर कळ दाबायला निघाला.

"थांब की मर्दा! रिंगण धरून का उभी ऱ्हायलीत, बघ तरी."

दोघांनी वाकून पाहिलं. मधोमध एक काळाभोर, जिवंत शेणकिडा मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत होता, आणि यंत्रं मागं सरत त्याला वाट देत होती. कळ दाबली असती, तर त्यांनी त्याला चिरडलंच असतं.

झाकीरच्या पडद्यावर नोंद उमटली: 'देशी शेणकिडा, जिवंत. आता शेण त्याचं.' यंत्रं घडवणाऱ्या डॉक्टर वत्सला केंजळेंनी खरा किडा दिसताच थांबायचा हा हुकूम पहिल्याच दिवशी त्यांच्यात घालून ठेवला होता. वत्सलाबाईंना मात्र मरेपर्यंत एकही शेणकिडा दिसला नाही.

मैनाबाईंनी हात जोडले. "बुवा येईस्तोवर कुणीतरी अभंग म्हणत कीर्तनाची जागा धरतं, तसं केलं गं बाईनं!"

"पण मावशी, शेण कोण उचलणार?"

"मी हाय की, ह्याचं गोत वाढंस्तोवर. आन् ते औषध आजपास्नं बंद."

शेणाची गोळी ढकलणारा किडा कुठं दिसला, तर बाबांनो, वत्सलाबाईंची आठवण काढा.