डुबकी

"बा, एकच डुबकी!" म्हणत रमीलानं पौषातल्या तापीत पाय घातला, आणि काठावर दित्याभाऊंचा जीव खालीवर होऊ लागला.

एकोणीस वर्षं त्यांनी लेकीला गार पाण्याला हात लावू दिला नव्हता. तिला जन्मापासून सिकलसेल. गारठा लागला की रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकून नसांमध्ये अडकायच्या, आणि हाडं फुटल्यासारखी पोर तीन-तीन दिवस ओरडायची. ऐन वैशाखातसुद्धा तिच्या आंघोळीचं पाणी दित्याभाऊ चुलीवर तापवायचे.

गेल्या वर्षी मुंबईच्या इस्पितळात एका नव्या उपचाराच्या चाचणीत तिला घेतलं. संशोधकांनी तिच्याच हाडातल्या मूळ पेशी काढल्या, त्यांच्यातली जन्माची चूक दुरुस्त केली आणि त्या पुन्हा तिच्याच अंगात सोडल्या. तेव्हापासून दुखणं एकदाही उलटलं नव्हतं. "आता जाऊ द्या तिला नदीवर," असं परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा दित्याभाऊंनी मान हलवली होती. पण मनाला काही भरवसा येत नव्हता.

रमीलानं डुबकी मारली. वर आली ती कुडकुडत, दातांवर दात आपटत. दित्याभाऊ चपलांसकट पाण्यात धावले आणि त्यांनी तिचे खांदे धरले.

"कुठं दुखतंय, बाय? पाठीत? पायात?"

"कुठंच नाही." ती हसली. "बा, ही नुसती थंडी आहे. सगळ्यांना वाजते ना, तशी."

गुडघाभर पाण्यात उभे राहून दित्याभाऊ लेकीच्या हातावर आलेला काटा डोळे भरून बघत राहिले.