काळ्या पावाची कृती

तार्तू शहरातल्या दवाखान्यात नर्स असलेली माझी लेक पिरेत दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. या सोमवारपासून मात्र रोज फोन!

“आई, तुझ्या काळ्या पावाची कृती सांग ना. हळू सांग, लिहून घेतेय.”

“दोन वर्षांनी आईच्या हातची चव आठवली होय?”

“टोमणे नकोत गं. सांग.”

माझ्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर कधीच आला होता, पण उघडायचा धीर होईना. म्हणून इथं आमच्या देशात सगळेच बघतात तसं, आपला रिपोर्ट आधी कोणत्या डॉक्टर-नर्सनं कधी उघडला, याची मोबाइलवरच मिळणारी यादी उघडली. सगळ्यात वर नाव होतं : नर्स पिरेत, सोमवार.



रिपोर्ट न उघडताच मी तिला फोन लावला, “वही आण. आंबट कोबीचीही कृती सांगून ठेवते.”